पंचमीची बस अर्धी रिकामी का गेली: कोल्हापूरच्या एका ज्येष्ठ निवासातलं शरदातलं प्रकरण

मी फिजिओथेरपिस्ट. कोल्हापुरातल्या एका ज्येष्ठांच्या निवासात आठवड्यातनं दोनदा जातो, गुडघे, कंबर, पॅरालिसिसनंतरचे हातपाय असं सगळं बघतो. हे प्रकरण तिथलंच. निवासाचं नाव देत नाही, माणसांची पण देत नाही. लिहायचं कारण एवढंच की गणपती उठले की अशा प्रत्येक निवासात भिंतीवर कार्यक्रमांचं कॅलेंडर लागतं, नवरात्र, दसरा, कोजागिरी, दिवाळी सगळं रंगीत पेननं लिहिलेलं, आणि नोव्हेंबर संपताना ऑफिसात बसून लोक म्हणतात की एवढं केलं तरी म्हाताऱ्यांना कशाचं काही नाही. तर ते "कशाचं काही नाही" नक्की काय असतं ते बघायची इथं संधी मिळाली.

निवास रंकाळ्याच्या पलीकडं, गगनबावड्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला. तीन मजले, एक लिफ्ट, चाळीसेक माणसं. बरेचसे एकटे, काही जोडपी. मुलं पुण्यात, बेंगलोरला, एकदोघांची अमेरिकेत, आणि काहींची इथंच राजारामपुरीत नाहीतर शाहूपुरीत, म्हणजे रिक्षानं पंधरा मिनिटांवर. नर्स दोन शिफ्टमध्ये, डॉक्टर आठवड्यातनं एकदा, मदतीला मावश्या. खाणं चांगलं असतं, मी स्वतः जेवलोय.

आता झालं काय ते. नवरात्रातला मोठा कार्यक्रम म्हणून ललिता पंचमीला टेंबलाईला जायचं ठरलं. कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको पण बाहेरच्यांसाठी, पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईवाडीच्या टेकडीवर त्र्यंबोलीला भेटायला जाते, त्र्यंबोली रुसून बसलेली म्हणून देवी स्वतः तिची समजूत काढायला जाते अशी कथा, तिथं कुमारिकेची पूजा होते, कोहळा फोडतात आणि त्याचा तुकडा मिळवायला ही झुंबड उडते. इथल्या म्हाताऱ्या माणसांनी लहानपणापासून बघितलेलं, त्यामुळं नोटीस लागली तशी निम्म्याहून जास्त लोकांनी नाव दिलं. ट्रस्टींनी मोठी बस सांगितली. एकाच्या ओळखीचा फोटोग्राफर पण.

त्या दिवशी सकाळी एकेक जण गळायला लागला. "गुडघा धरलाय", "रात्री झोप नाही लागली", "तुम्ही जाऊन या की, आमचं काय". बस हलली तेव्हा अर्ध्याहून जास्त सीटा रिकाम्या. आणि निवास शहराच्या पश्चिमेला, टेंबलाई पूर्वेला, म्हणजे पंचमीच्या गर्दीत अख्खं शहर ओलांडायचं. बस मधेच अडकली, वर जाऊ देत नाहीत म्हणून लांबच थांबली, दोघांना लघवीला जायचं होतं आणि जवळपास सोय नाही, तेवढ्यात एका आजींना दरदरून घाम, हात थरथर, बोलणं विचित्र. उपास होता. डायबेटिसची गोळी मात्र सकाळी नेमानं घेतलेली. सोबतच्या नर्सनं साखर बघितली तर साठच्या खाली. तीन चमचे साखर पाण्यातनं दिली, पंधरा मिनिटांनी परत तपासली, मग बिस्कीट. आजी सावरल्या, पण बस तिथनंच परत फिरली. देवीचं दर्शन कुणालाच नाही.

संध्याकाळी मिटिंग झाली. मॅनेजर मॅडमचं म्हणणं, ह्यांना आता बाहेर जायची आवड राहिली नाही. एक ट्रस्टी म्हणाले पुढच्या वेळी बाहेर नेण्यापेक्षा ऑर्केस्ट्रा आणू. दुसरे म्हणाले नाव देऊन न येणाऱ्याकडनं पैसे घ्या.

मला ह्यातलं एक काही पटेना, कारण साधं होतं. ज्यांनी "गुडघा धरलाय" म्हणून सांगितलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे गुडघे मीच बघतो. खुर्चीतनं उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, ही टेस्ट मी दर महिन्याला घेतो, बारा सेकंदांच्या वर गेलं की पडायची भीती जास्त असं धरतात. न आलेल्यांत दोन काका असे की आठवडाभर आधीच दहा सेकंदांत करून दाखवलेलं, वर "आणि एकदा करू काय?" विचारलेलं. आणि जे आले त्यातले दोघं वॉकरवाले! म्हणजे गुडघ्याचा संबंध नव्हता.

अजून एक गोष्ट. हादगा त्याच दिवसांत चालू होता. दुपारी चहानंतर जेवणाच्या हॉलमध्ये, हत्तीचं चित्र भिंतीला लावून, फळाफुलांच्या माळा घालून आज्या फेर धरायच्या, म्हणजे ज्यांना जमतंय त्या फेर धरायच्या आणि बाकीच्या खुर्चीवर बसून टाळ्या देत गाणी म्हणायच्या, शेवटी खिरापत ओळखायची. त्याला रोज हॉल भरलेला. खिरापत कुणाची हे गुपित ठेवण्यावरनं भांडणं सुद्धा व्हायची, स्वयंपाकघरातल्या मावशीला फितवायचे प्रयत्न व्हायचे. आवड संपलेली माणसं असं करत नाहीत.

मग मी व्यायाम घेताघेता विचारायला लागलो. मिटिंग बोलावून, फॉर्म भरून घेऊन असं काही नाही. माणूस पालथा झोपलेला असतो, कंबरेवर शेक चालू असतो, समोर तोंड बघायचं नसतं, अशा वेळी खरं बोलतो. पहिल्यांदा सगळे गुडघ्यावरच अडले, मी म्हटलं "काका, तुमचा गुडघा मला माहीत आहे, मला नका सांगू", मग हसले आणि हळूच म्हणाले, "लघवीची गोळी असते हो सकाळी."

तिथनं सगळं उलगडलं. हार्टचा त्रास असलेल्यांना, पायाला सूज असलेल्यांना लघवी वाढवणारी गोळी असते. तोंडानं घेतली की तासाभरात लागू पडते आणि पुढं सहाएक तास चालते. नऊला गोळी, दहाला बस, म्हणजे ऐन रस्त्यात दर वीस मिनिटांनी जावं लागणार. प्रोस्टेटवाल्या काकांचं वेगळं, त्यांना घाई लागली की थांबवता येत नाही. आज्यांचं तर अजून अवघड, खोकला आला तरी थेंब जातो आणि सार्वजनिक संडासात वाकून बसता येत नाही. एका आजींनी सांगितलं की बाहेर जायचं असलं की त्या आदल्या संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. आणि काहीजण न सांगता गोळीच चुकवतात, हे तर मला जास्त भीतीदायक वाटलं. हे कुणी मॅनेजर मॅडमला ऑफिसात जाऊन सांगेल का? गुडघा सांगायला सोपा, त्याला अब्रू जात नाही.

दुसरं कारण मला कधीच सुचलं नसतं. साडी. तीन आज्या म्हणाल्या, देवीला गाऊनवर कसं जायचं. पण खांदा वर जात नाही, निऱ्या धरता येत नाहीत, नेसवायला कुणीतरी पाहिजे, आणि सकाळी आठ ते दहा मावश्या आंघोळी आणि नाष्ट्यात अडकलेल्या. मग नको म्हणायचं सोपं.

तिसरं, परत यायची वेळ. कार्यक्रम लांबला तर अंधार होणार. मोतीबिंदूवाल्यांना समोरच्या गाडीचा लाईट डोळ्यात गेला की पायरी दिसत नाही. शिवाय त्या दिवसांत दुपारनंतर परतीचा पाऊस कधी कोसळेल सांगता येत नाही, हस्ताचा पाऊस म्हणजे गडगडाटासकट, फरशी ओली. आणि पायात कोल्हापुरी. ह्या विषयावर मी इथं शत्रू करून घेतलेत. २०१९ मध्ये त्या चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान आहे, माझ्याकडं पण जोड आहे, पण गुळगुळीत चामड्याचा तळ आणि टाचेला पट्टा नाही, ओल्या फरशीवर सत्तरीच्या माणसानं ती घालणं म्हणजे घसरगुंडी. एक आप्पा मला म्हणाले, "डॉक्टर, सँडल घालून दसऱ्याला जाऊ काय मी?" त्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

उपासाचं वेगळं लिहितो कारण ते जीवावरचं आहे. नवरात्रात नऊ दिवस धरणाऱ्या इथं बऱ्याच. डायबेटिसच्या सगळ्या गोळ्या उपासाला सारख्या नाहीत. मेटफॉर्मिन एकटी असेल तर साखर एकदम खाली जायचा धोका कमी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर पोट रिकामं असताना साखर धाडकन उतरते. आणि संध्याकाळी साबुदाणा खिचडी, रताळं, वरीचे तांदूळ खाल्ले की तीच साखर वर चढते. म्हणजे दिवसभर खाली-वर. डॉक्टरांनी मग पुढच्या वर्षीपासून घटस्थापनेच्या आधीच उपासवाल्यांची यादी घ्यायचं ठरवलं, कुणाची गोळी कमी, कुणाची वेळ बदल, आणि दोघींना स्पष्ट सांगितलं की बसता-उठता धरा, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी, ते पण फळं-दूध घेऊन. एक आजी ऐकल्या. दुसऱ्या नाही ऐकल्या, त्यांची साखर दिवसातनं चार वेळा बघायची ठरली, त्याला त्या तयार झाल्या. माझ्या मते हा बरोबर सौदा होता. ऐंशी वर्षांच्या बाईला देवीचा उपास करू नका म्हणून हुकूम सोडता येत नाही.

पुढचे कार्यक्रम मग ह्या माहितीवर बदलले, आणि बदल घडवला तो ट्रस्टींनी नाही, एसटीतनं कंडक्टर म्हणून रिटायर झालेल्या अण्णांनी. मॅडमनी त्यांना सहज विचारलं की तुम्ही आयुष्यभर माणसं नेलीत, काय करायचं सांगा. अण्णांनी वहीच काढली. म्हणाले, गाडी सुटायची वेळ शेवटी ठरवायची, आधी कुणाची गोळी कधी, कोण कुठं उतरणार, लघवीला कुठं थांबायचं ते ठरवायचं. बसची पहिली पायरी उंच असते म्हणून देवघरातला जुना चौरंग डिक्कीत ठेवायला लावला, त्यावर मी खालनं रबरी मॅट चिकटवून दिली. दार जिथं आहे त्या बाजूच्या पहिल्या सीटा वॉकरवाल्यांना. आणि बस मोठी नको, छोटी दोनदा. मोठी बस गल्लीत शिरत नाही आणि एकाला परत यायचं असलं तर सगळ्यांना यावं लागतं, पंचमीला झालं तेच. डॉक्टरांनी बाहेर जायच्या दिवशी लघवीची गोळी परत आल्यावर घ्यायला परवानगी दिली, पण नाव घेऊन, प्रत्येकाला वेगळी. एका काकांना नाही दिली, त्यांच्या पायाची सूज जास्त होती.

दसऱ्याला दसरा चौकात न्यायचं नाही असं ठरलं. सूर्यास्ताचं शमीपूजन, शाही लवाजमा, गर्दी, सगळं अंधारातच संपतं. त्याऐवजी सोनं निवासातच, आणि तिथं आमचे एक सर, कॉलेजात बॉटनी शिकवलेले, त्यांनी बाजारातनं आणलेल्या पानांच्या गठ्ठ्यातनं पान उचललं आणि म्हणाले, "हे आपटा नव्हे, हा कांचन आहे." झालं, तासभर तोच विषय. दोन्ही पानं जोडपानासारखी, आपट्याचं लहान आणि जाडसर, कांचनाचं मोठं, बाजारात सर्रास कांचनच सोनं म्हणून विकतात. सरांना कुणी कार्यक्रम दिलेला नव्हता. कॅलेंडरवर "दसरा: सोने वाटप, संध्या. ६" एवढंच होतं.

कोजागिरी गच्चीवर व्हायची, बाराच्या पूजेपर्यंत. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही, शेवटचा जिना चढायचा. हे आम्हाला दरवर्षी माहीत होतं आणि दरवर्षी "जागरणाची आवड नाही" असं म्हटलं जायचं. खाली अंगणात आणली, आठ वाजता, तोवर चंद्र कंपाउंडच्या भिंतीच्या बराच वर येतो. दूध दोन पातेल्यांत, एक बिनसाखरेचं, केशर-चारोळी-जायफळ दोन्हीकडं सारखं, कारण बिनसाखरेचं म्हणजे पांचट असं त्यांच्या मनात बसलेलं. ज्यांना दिवसाचं पाणी मोजून आहे त्यांच्या कपाचा हिशोब नर्सनं वहीत धरला. साडेनऊला सगळं आवरलं. दोन काकांनी बारापर्यंत जागून खिडकीतनं चंद्र बघितला म्हणे, ते त्यांचं ते.

दिवाळीचं फार लिहीत नाही. काही जणांना मुलं घरी नेतात, चार दिवसांनी आणून सोडतात, येताना फराळाचे डबे आणि विस्कटलेल्या गोळ्या. आता जाताना पाकिटात गोळ्या वार लिहून देतात. ज्यांना कुणी नेत नाही त्यांच्यासाठी कार्यक्रम लावायचा मॅडमचा विचार होता, मी म्हटलं नको, त्या दिवशी त्यांना एकत्र बसवलं की कुणाला नेलं नाही त्याची यादीच तयार होते. चिवड्याचं काम काढलं. शेंगदाणे निवडायचे, खोबरं कापायचं, खुर्ची-टेबलावर. ज्याला यायचं तो आला.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला. हा खरं तर निवासाचा सर्वात जास्त हजेरीचा कार्यक्रम, पण कॅलेंडरवर कधी लिहिलेला नाही. आधी बँकेत न्यायचे, आणि गंमत म्हणजे बँकेच्या दिवशी एकाचाही गुडघा दुखत नाही! गोळी चुकवून, पाणी न पिता, सगळे हजर. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना १ ते ३० नोव्हेंबर, ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. पीएफची पेन्शन असेल तर वर्षात कधीही दिला तरी तिथनं बारा महिने चालतो, हे इथं निम्म्यांना माहीतच नव्हतं, विनाकारण गर्दीत जायचे. जीवन प्रमाण, म्हणजे बँकेत न जाता ऑनलाईन द्यायचा दाखला, २०१४ पासून आहे, पण म्हाताऱ्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेत नाही, दहा वेळा बोट पुसून दाबायचं. आता मोबाईलवर चेहऱ्यानं होतं, समोर बघून डोळ्यांची उघडझाप करायची. व्हरांड्यात पांढऱ्या भिंतीसमोर खुर्ची टाकली, सकाळचा उजेड, एका रहिवाशांच्या नातवानं आणि नर्सनं मिळून सगळे उरकले. ज्यांचं नाही झालं त्यांच्यासाठी पोस्टमन घरी येऊन करतो, सत्तर रुपये. राज्य सरकारच्या काही जणांना बँकेतल्या यादीवर सही करायचा हट्ट होता, त्यांना अण्णांच्या पद्धतीनं छोट्या गाडीतनं नेलं.

९, १० आणि ११ नोव्हेंबरचा अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव टीव्हीवरच बघितला. मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येऊन पहिल्या दिवशी देवीच्या पायांपर्यंत, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत. ढग आला तर नाही. तिथं न्यायचा कुणी हट्ट धरला नाही, कारण संध्याकाळ, गर्दी, दोन्ही.

खरी परीक्षा त्रिपुरी पौर्णिमेची झाली, जी त्या वर्षी किरणोत्सवानंतर आली. पंचगंगा घाटावरचा दीपोत्सव पहाटे असतो, हजारो पणत्या. मॅडमना वाटलं पहाटे कोण उठणार. अण्णा म्हणाले, "मॅडम, हितं चारला कोण झोपलेलं असतंय?" आणि खरंच. म्हातारी माणसं चारला जागी असतात, पडून असतात, नाष्ट्याची वाट बघत. लघवीची गोळी अजून घेतलेली नसते. रस्ता रिकामा, निवासापासनं गंगावेशीवरनं घाट जवळ. परत येताना उजाडलेलं. साड्या आदल्या रात्रीच दोघी मावश्यांनी काढून, निऱ्या घालून पिना लावून ठेवल्या, नेसवायला पाच मिनिटं. नाव दिलेल्यांतलं फक्त एक जण आलं नाही, त्यांना खरंच ताप होता. घाटाच्या ओल्या पायऱ्या कुणालाच उतरायला दिल्या नाहीत, वरनंच बघायचं, कानटोपी आणि बूट सक्तीचे. आप्पा मात्र कोल्हापुरी घालून आले, मी गाडीतच बसवलं, काच खाली करून बघितलं त्यांनी, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दुसरी फेरी पण भरली. परत आल्यावर गरम पोहे, मग गोळ्या, मग सगळे दहापर्यंत झोपले.

जे नाही जमलं ते पण लिहितो. व्हीलचेअरवरच्या चार जणांना अजून कुठंच नेता आलेलं नाही. चौरंगावरनं त्यांना चढवता येत नाही, उचलून चढवणं त्यांना अपमानाचं वाटतं, आणि रॅम्पवाली गाडी भाड्यानं शोधतोय. ऐकू कमी येणाऱ्यांचं काहीच सुटलेलं नाही. फ्लूची लस पण नवरात्राच्या आधी द्यायची होती, ती दिवाळीनंतर दिली गेली, कारण मुलांच्या संमतीचे मेसेज यायला महिना गेला. आणि मावश्यांवर पहाटेचं जास्तीचं काम पडलं त्याचे पैसे द्यावेत असं मी म्हटलं, त्यावर अजून "बघू" चालू आहे.

पुढच्या वर्षीच्या पंचमीचं अण्णांनी वहीत लिहून ठेवलंय, पंचमीला जायचं नाही, षष्ठीला सकाळी सातला, दोन छोट्या गाड्या, वाटेत ओळखीच्या एका मंगल कार्यालयात दहा मिनिटं थांबा. ट्रस्टींचं म्हणणं पंचमीच्याच दिवशी जावं, षष्ठीला पालखीचे फोटो मिळत नाहीत.